सात नंबरच्या टेबलावरचा उजेड

२० नोव्हेंबर, रविवार

आज झाडं फुलावर घातली. म्हणजे आजपासून बारा तास दिवे आणि बारा तास गुडुप अंधार. सकाळी सहाला मी बटण दाबलं तेव्हा ताई दारात हात जोडून उभी होती, विहारात उभी राहते तशी.

ही वही मी मुद्दाम आणली. मोर लामच्या, म्हणजे आमच्याकडच्या गाण्या-नाचाच्या खेळांच्या, फडात एकतीस वर्षं दिवे सांभाळले. दर खेळाची टिपणं ठेवायचो. कुठल्या गाण्याला कुठला दिवा, कुठली नाचणारी कुठे उभी. दोन वर्षांपूर्वी फड मोडला. मालकाने ट्रक विकले, पोरी कपड्यांच्या कारखान्यात गेल्या आणि मी छप्पन्नाव्या वर्षी थोंगमुआनताईच्या घरी खालच्या खोलीत येऊन पडलो. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिने गावातल्या चौदा बायकांचा गट बांधलाय आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाशी करार केलाय. त्यांना तेलासाठी औषधी गांजा आम्ही पिकवून द्यायचा. गावची शाळा पोरांअभावी बंद पडली होती, तिचा चौथीचा वर्ग मिळाला. खिडक्या बुजवल्या, भिंती पांढऱ्या केल्या. फळा तेवढा तसाच आहे.

"झाडांचं बायका बघतील," ताई म्हणाली. "दिवे तुझे."

टेबलं तीन. दाराजवळ खारशेपटी, ही आपल्या फू फान डोंगरातली जुनी जात, फुलाचा झुबका खारीच्या शेपटीसारखा लांब. मधे बुटकी, गुडघ्याएवढी आणि रुंद. पलीकडच्या भिंतीला सात नंबर. तिची रोपं रुग्णालयाने दिली, करार खरा तिच्यासाठीच. तिच्या तेलाची वाट बघणाऱ्या रोग्यांची यादी ताईने वाचून दाखवली. अठ्ठावीस नावं. बाकीच्या दोन जाती गावठी औषधांच्या.

दिवे नवे कोरे असूनही मंद वाटतात. भोवती धुकं धरल्यासारखं. खोलीत दमट हवा आहे म्हणून असेल.


२३ नोव्हेंबर, बुधवार

दिव्यांसोबत रुग्णालयाने एक मीटर पाठवलाय. तळहाताएवढी डबी, वर पांढरी टिकली. झाडाच्या शेंड्यावर धरायची की झाडाला किती उजेड पोचतो त्याचा आकडा येतो. सोबत कागद: कोवळेपणी किती, फुलावर किती.

मी तो कपाटात टाकला. कुलूपही लावलं. चार हजार माणसांपुढे गाणाऱ्या बाईच्या नाकाची सावली ओठावर पडू नये एवढा नेमका दिवा मी नुसत्या डोळ्यांनी लावलाय. मला डबी सांगणार?

तिन्ही टेबलांवर दिवे एक वीत खाली घेतले आणि उजेड कमी-जास्त करायचा खटका ऐंशीवर नेला. खामफोंग म्हणाली, "अहो लाइटवाले, सगळ्यांना सारखाच?"

"उजेड म्हणजे उजेड."

"भात म्हणजे भात. म्हणून बाळंतिणीला आणि नांगऱ्याला सारखाच वाढतात का?"

ही खामफोंग म्हणजे गटातली सगळ्यात तिखट जिभेची बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी दूर रायोंग शहरात असते. हिचा धंदा निळीचा. माठात नीळ आंबवून कापड रंगवते, त्यामुळे हात कोपरापर्यंत निळे. निदान लोक निळे म्हणतात. मला तर काळेच दिसतात. जुन्या निळीने असं होत असेल.


२८ नोव्हेंबर, सोमवार

विचित्र प्रकार. बुधवारी मी दिवे खाली घेतले होते. आज बघतो तर सात नंबरवरचे पुन्हा दोन वीत वर, आणि खटका साठावर. मी ऐंशीवर ठेवला होता, शपथेवर सांगतो. दोऱ्या ढिल्या होत असतील, पण ढिली दोरी दिवा वर कसा नेईल?

खामफोंग झाडांना पाणी घालत होती. तिला विचारलं.

"मास्तर असतील," ती म्हणाली.

"कोण मास्तर?"

"इथे चौथीला शिकवायचे ते. वारले ना याच वर्गात, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांना झगझगाट सोसायचा नाही."

चेष्टा करत होती, मला कळतं. तरी संध्याकाळी, मेलेल्यांना ठेवतात तशी लाल सरबताची बाटली आणली, स्ट्रॉ घालून फळ्याखाली ठेवली आणि सांगितलं की मास्तर, राग धरू नका, पण दिवे माझे आहेत. खटका पुन्हा ऐंशीवर.


२९ नोव्हेंबर, मंगळवार

बाटली रिकामी. खटका साठावर.


४ डिसेंबर, रविवार

मास्तरांशी माझा समझोता झालाय. मी वाढवतो, ते उतरवतात, मी बाटली ठेवतो. आता सात बाटल्या झाल्या. सात नंबर मात्र छान चाललीय. पानं आडवी, ताठ, शेंडे हिरवे. ताईला सांगितलं की उजेड भरपूर दिल्याचा हा गुण. ताईने खामफोंगकडे पाहिलं. खामफोंगने छताकडे.

खारशेपटीवरचे दिवे मास्तर कधी कमी करत नाहीत. उलट एकदा वाढवलेले सापडले. ती डोंगरातली, तिला ऊन खायची सवय आहे, असं खामफोंग म्हणते. बुटकीला मधला उजेड. सात नंबरला सगळ्यात कमी. हे सगळं तिला कसं माहीत विचारलं तर म्हणाली, "झाडांनाच विचारते."

कपाटातल्या मीटरची बॅटरी संपली आहे. कोणी हात लावला नाही तरी संपली. स्वस्तातला माल.


११ डिसेंबर, रविवार

आज बाजारातून येताना पुलाजवळ पडलो. मोटारसायकल हळू होती म्हणून गुडघ्यावर निभावलं. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे हल्ली फार वाईट बनवतात. एका दिव्यातून दहा काटे निघतात आणि मधला रस्ताच नाहीसा होतो. ताईला सांगितलं, कुत्रा आडवा आला.

बाबांची आठवण आली. एकसष्टाव्या वर्षी त्यांचं दिसणं गेलं. त्यानंतर नऊ वर्षं खांबांवरच्या आमच्या घराखाली बांबूच्या बाजेवर बसून काढली. पावलांवरून माणूस ओळखायचे. मी फडातून वर्षातून दोनदा यायचो तर म्हणायचे, "ख्वान, तू लंगडतोस का रे?" मी लंगडत नव्हतो. माझी पावलंच ते विसरले होते.

मला पुढच्या महिन्यात एकोणसाठ लागेल.

हे पान फाडणार होतो. राहू दे. या वहीचा कागदही पिवळा निघाला, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला.


२४ डिसेंबर, शनिवार

था रे गावाला ताऱ्यांची मिरवणूक बघायला ताई, मी आणि खामफोंग गेलो. तिथल्या ख्रिस्ती लोकांचा सण, पण सगळा जिल्हा लोटतो. घराएवढे तारे गाड्यांवर बांधून आणतात. फडात असताना त्यांच्या दोन गाड्यांना मी दिवे लावून दिले होते, म्हणून अजून मान देतात.

यंदा तारे फार मोठे केलेत. प्रत्येकाला केस फुटलेत, लांब पिवळे केस, आणि दोन तारे शेजारी आले की केसात केस गुंततात. मी म्हटलं, "यंदा पिवळ्या रंगावर भर दिसतो."  खामफोंगने विचारलं, "समोरचा तारा कोणत्या रंगाचा आहे?"

"पिवळा."

"बरं," ती म्हणाली, आणि गर्दीतून बाहेर येईपर्यंत माझी बाही धरून चालली. दहा वेळा सांगितलं मी काही हरवणार नाही.

ती परवा मुलीकडे रायोंगला चाललीय, दहा दिवस. गटातल्या दुसऱ्या बाया पाणी घालतील. घरी वळताना मला म्हणाली, "दिव्यांना हात लावू नका. माझी शपथ."

कोण कोणाला शपथ घालतंय. दिवे माझे.


२७ डिसेंबर, मंगळवार

खोली फारच अंधारी वाटली. सात नंबरच्या शेंड्यांवर धुकंच धुकं. फुलं भरायच्या दिवसांत उजेड कमी पडला तर तेल कुठून येणार? तिन्ही टेबलांवरचा खटका शंभरावर नेला आणि दिवे हात लागेल इतके खाली घेतले. मास्तरांना बाटली ठेवली.


२८ डिसेंबर, बुधवार

बाटली भरलेली. खटका शंभरावरच. मास्तर गेले वाटतं सुट्टीला.


२ जानेवारी, सोमवार

सात नंबरची पानं वर वळून जोडल्या हातांसारखी झालीत. पाणी घालणारी एक जण म्हणाली, झाडं नमस्कार करतायत, शुभ आहे. मलाही बरं वाटलं. शेंड्याची फुलं फिकी दिसतात, मोत्यासारखी. या जातीची हीच खूण असावी.

दिवे बनवणाऱ्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं: उजेड जाहिरातीच्या निम्मासुद्धा नाही.


४ जानेवारी, बुधवार

हे लिहायला हात उठत नाही.

खामफोंग आज सकाळी आली, ठरल्याच्या एक दिवस आधी. बस अड्ड्यावरून पिशवीसकट थेट शाळेत. मी दिव्यांखाली उभा होतो. तिने दार उघडलं आणि डोळ्यांवर हात आडवा धरला.

"काय केलंत हे?"

"काय केलं?"

तिने पिशवी टाकली, खटके भराभर खाली आणले, दोऱ्या ओढून दिवे वर नेले. मग सात नंबरचा एक शेंडा बोटांत धरून माझ्यापुढे आणला. "कोणता रंग?"

"फिका हिरवा."

"पांढरा! जळून पांढरा झालाय. वास बघा, गवतासारखा येतो. तुम्हाला हे दिसत नाही?"

मी म्हटलं, झाडांना नमस्काराची सवय आहे, जातीची खूण आहे. असंच काहीतरी बोलत होतो. ती ऐकून घेत होती, आणि तिचा राग उतरत गेला. मला रागापेक्षा तेच जास्त लागलं.

"मास्तर नव्हते," ती म्हणाली. "मी होते. रोज तुम्ही जेवायला गेलात की मीटर घेऊन मोजायची आणि खाली आणायची. कपाटाची दुसरी किल्ली ताईंनी दिली. सरबतही मीच प्यायले. गोड सोसत नाही मला, तरी प्यायले."

"ताईला माहीत होतं?"

"तुमचं मन दुखवायचं नव्हतं त्यांना."

मग तिने पिशवीतून रेशमाच्या दोन लडी काढल्या. मुलीसाठी रंगवलेल्या होत्या, पसंत पडल्या नाहीत म्हणून परत आणलेल्या. म्हणाली, यातली निळी उचला. मी दोन्ही बघितल्या. दोन्ही काळ्या होत्या.

मी एक उचलली. खामफोंग दुसरीकडे बघू लागली.


६ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. आज रुग्णालयाच्या औषध विभागाच्या सुफाफोन मॅडम पाहणीला आल्या, तेव्हा ताईने ओढत नेलं. बाई शांत स्वभावाच्या. शेंडे पाहिले, भिंग लावलं, पुन्हा पाहिले.

"या शेंड्यांत औषध उरलं नसेल," त्या म्हणाल्या. "नमुना ठरलेल्या प्रमाणात उतरला नाही तर मला माल घेता येणार नाही. पुढचं पीक दुसऱ्या गटाला द्यावं लागेल. माझ्या हातात नाही हो, मावशी."

ताई म्हणाली, "चूक माझी. दिव्यांची जबाबदारी मी नीट वाटून दिली नाही."

चौदा बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर मी सांगितलं, "ताई, चूक माझी आहे. मला दिसत नाही."

तोंडातून पहिल्यांदाच ते वाक्य निघालं.

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "दिवाळखोर लपवतो तसं तू लपवत होतास. आमटीत साखर घातलीस तेव्हाच कळलं. मला वाटलं, तू आपणहून सांगशील."

"बाबांसारखं होईल माझं."

 तिने माझ्यापुढे चिकट भाताची टोपली सरकवली आणि भाताचा गोळा करून माझ्या हातात दिला, लहानपणी द्यायची तसा.


१० जानेवारी, मंगळवार

खामफोंग मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिच्या मोटारसायकलवर, मी मागे. गावातून जाताना लोक बघत होते. ती म्हणाली, "बघू दे. तुम्हाला तर ते दिसतही नाहीत."

डॉक्टरीणबाई तिशीतली असेल. डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांवर हवेचा फटका मारला. मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं आखडली. बाबांना एका गावठी वैद्याने सांगितलं होतं की डोळ्यांच्या शिरा मेल्या, काही होणार नाही. तेच शब्द ऐकायची तयारी मी एक महिना करत होतो.

"मोतीबिंदू," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. डावा अगदी पिकलाय. शिरा चांगल्या आहेत, दाबही चांगला."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"आंधळा नाही होणार?"

"अजून वर्षभर असेच दिव्यांशी भांडत बसलात तर व्हाल. सतरा तारखेला डावा काढू. वीस मिनिटांचं काम."

मी बाहेर आलो. खामफोंग बाकावर बसली होती, हातात माझी टोपी. काय झालं विचारलं तिने, आणि मला रडूच फुटलं. ती उठून उभी राहिली, तिचा चेहरा उतरला असावा. मी कसाबसा म्हणालो, "मोतीबिंदू."

"हात् तुमची!" ती ओरडली. "मोतीबिंदूला रडतात का एवढं? माझ्या कोंबड्यालाही झाला होता!"

मग तीही बाकावर बसून डोळे पुसू लागली. का, ते मला समजलं नाही. कोंबड्याची आठवण आली असेल.

येताना भाजलेली कोंबडी आणि कच्च्या पपईचा ठेचा खाल्ला. मिरची इतकी तिखट की दोघांनाही रडायला कारण मिळालं.


१८ जानेवारी, बुधवार

आज पट्टी काढली.

आधी डॉक्टरीणबाईचा डगला दिसला. मग खिडकी. बाहेर एक पाण्याची टाकी होती, निळी. इतकी निळी की ती टाकी नसून कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी लावलेला दिवा आहे असं वाटलं. मी बघतच बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, पाटीवरची अक्षरं वाचा." म्हटलं, थांबा हो, आधी टाकी बघू द्या.

उजवा डोळा मिटला की जग निळं, डावा मिटला की जग चहात बुडवलेलं. कितीतरी वेळ मी एकेक डोळा मिटत बसलो. म्हणजे इतकी वर्षं मी चहातून बघत होतो.

खामफोंगचे हात निळे आहेत. नखांच्या कडांना जास्त, मनगटाजवळ विरत जाणारे. आणि चेहऱ्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं, जे मी पाहिलंच नव्हतं.

"काय बघता?" ती म्हणाली.

"तू म्हातारी आहेस."

"आरसा आणू का?"


२० जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरने धुळीत जाऊ नका सांगितलंय, म्हणून काळा चष्मा लावून शाळेत गेलो. दार उघडलं आणि दोन पावलं मागे आलो.

केवढा उजेड तो! आणि हे दिवे आता निम्म्यावर आहेत. शंभरावर, हातभर अंतरावर, सात नंबर आठ दिवस उभी होती. हलताही येत नाही तिला. 

खामफोंगने मीटर हातात दिला, नव्या बॅटरीचा. तिने शिकवलं, मी शिकलो. टिकली शेंड्याच्या उंचीवर आडवी धरायची, हलवायची नाही, टेबलाच्या चारही कोपऱ्यांत आणि मधे मोजायचं. खारशेपटीवर नऊशे, ती खुशाल आहे, अजूनही मागतेय. बुटकीवर साडेसातशे. सात नंबरवर खामफोंगने सहाशे ठेवलंय, कडेच्या झाडांना साडेचारशेच पोचतं. मी मधले दिवे जरा उचलले, कडेचे जरा आत वळवले. स्टेजवर कोपऱ्यातल्या ढोलकीवाल्यासाठी करायचो तसंच. आता पाच जागी पाच आकडे, सगळे पाचशे ऐंशी ते सहाशेच्या मधे.

खामफोंगने दोनदा मोजून पाहिलं. "हे मला जमत नव्हतं," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत पुष्कळ टाळ्या ऐकल्या. असो.

फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: कोणत्या टेबलाला किती, आणि खाली: रोज मोजणे, डोळ्यांवर विश्वास ठेवणे नाही.


२२ जानेवारी, रविवार

जेवताना ताईने विचारलं, "तुझा डोळा आधी कसा दिसायचा बाहेरून, डॉक्टरने सांगितलं का?"

"पिकला की बाहुली पांढरी दिसते म्हणे."

ताईने घास खाली ठेवला. "बाबांची पांढरी होती," ती म्हणाली. "शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखी. दोन्ही."

 मी त्या वर्षांत फडाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होतो, मोठ्या रुग्णालयांच्या दारांवरून कितीदा गेलो असेन. ताई घरात पाच लेकरं आणि शेत बघत होती. कोणी त्यांना गाडीवर बसवून नेलं नाही. कदाचित दुसरंच काही असेल. आता कोण सांगणार.

"तू गेलास ना वेळेवर," ताई म्हणाली. "बास."


२५ जानेवारी, बुधवार

सात नंबर कापली. जळालेले शेंडे वेगळे काढले, दोन टोपल्या भरल्या, मोजून बाजूला ठेवल्या, ते रुग्णालयाच्या माणसासमोरच नष्ट करायचे असतात. पण खालच्या फांद्यांवरची फुलं वरच्या पानांच्या सावलीत वाचली होती, आणि गेल्या तीन आठवड्यांत चांगली भरली. चिकट, वासाला लिंबाच्या सालीसारखी. बायका कात्री चालवताना गाऊ लागल्या. माझ्या फडातलंच गाणं, शब्द सगळे चुकीचे.

एक जण म्हणाली, "लाइटवाले, तुमच्यामुळे आमचं काम हलकं झालं, शेंडे कापायचेच नाहीत!" सगळ्या हसल्या. मला शिव्या मिळाल्या एकदाच्या. फार बरं वाटलं.


६ फेब्रुवारी, सोमवार

सुकलेला नमुना रुग्णालयात दिला. सुफाफोन मॅडमनी नुसतं "कळवू" म्हटलं. ताई जेवत नाही. विचारलं तर म्हणते पोट भरलंय. खारशेपटीला अजून महिना लागेल, मी रोज सकाळी मोजतो. खामफोंग रोज दुपारी माझ्यामागून मोजते. विचारलं, आता का? म्हणाली, सवय लागलीय इथे यायची.


२० फेब्रुवारी, सोमवार

साडेअकराला फोन आला. ताईने घाबरून तो खामफोंगच्या हातात दिला, खामफोंगने माझ्या. मॅडम म्हणाल्या, "उतरला. प्रमाणापेक्षा थोडासाच वर, पण उतरला. बुरशी नाही, फवारणीच्या विषाचा अंश नाही. माल घेतोय आम्ही. आणि मावशींना सांगा, पुढच्या पिकाची रोपं मार्चमध्ये पाठवते."

मी ते मोठ्याने तसंच्या तसं म्हणून दाखवलं. मधेच खामफोंगने फोन हिसकावून स्वतः पुन्हा ऐकलं. मग जो गलका झाला तो विहारापर्यंत गेला असेल. एका बाईने फळ्यावरच्या आकड्यांना नमस्कार केला. दुसरीने मला मिठी मारली आणि लगेच लाजून खामफोंगला मारली. कोणीतरी भात वाफेवर चढवला, कोणीतरी मासे आणायला पळालं.

या गडबडीत ताई दिसेना. शोधायला बाहेर आलो. ती शाळेच्या पायरीवर खांबाला टेकून बसली होती. चपला नीट जोडून ठेवलेल्या, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती. सहा तारखेपासून ती झोपलीच नाही, हे मला तिचा चेहरा बघून कळलं. डोळ्यांखाली काळं होतं. आता असं काही माझ्या नजरेतून सुटत नाही.

खामफोंग मागून आली. "उठवायचं का? जेवण होतंय."

"नको."

ऊन सरकत पायरीवर आलं होतं आणि त्याची एक तिरीप ताईच्या पापण्यांवर पडत होती. ती झोपेतच कपाळाला आठ्या घालत होती. मी तिच्या उगवतीच्या बाजूला बसलो, माझी सावली तिच्या चेहऱ्यावर पडेल असा. आठ्या गेल्या. थोड्या वेळाने ऊन डोक्यावर आलं तेव्हा टोपी धरली. मग पलीकडे कलू लागलं तसा उठून पलीकडे जाऊन बसलो. खामफोंगने मला तिथेच भात आणून दिला. ताई अडीचपर्यंत झोपली.